होळीत लावलेली जोडी

मी नोटीस वाचून संपवेपर्यंत मुकुंदगुरुजी उभेच होते. मी दोनदा बसा म्हणालो. तिसऱ्यांदा माझे सीनिअर मिर्झासाहेब म्हणाले तेव्हा ते बाकाच्या कडेला टेकले, पण डोक्यावरची टोपी काढली नाही. बाहेर लिंबाखाली त्यांच्याबरोबर आलेला धोतरातला एक माणूस मिटलेली छत्री दोन्ही हातांनी धरून उभा होता. छत्री गुरुजींची होती.

नोटीस शाळाखात्याची होती. आपण गावातील सोपान नावाच्या इसमासोबत एका घरात राहता, लग्न करीत नाही, आणि आपले वर्तन शिक्षकास शोभणारे नाही, असा अर्ज गावच्या शाळा कमिटीच्या अध्यक्षांकडून आला आहे. तीस दिवसांत लेखी खुलासा करावा, न केल्यास नोकरीवरून काढण्यात येईल. खाली सही आणि शिक्का.

"छत्री धरून उभे आहेत ते कोण?" मी विचारलं.

"सोपान," गुरुजी म्हणाले.

ही गोष्ट तेव्हाच्या उस्मानाबादची, म्हणजे आताच्या धाराशिवची. मराठवाडा मुंबई राज्यात गेल्याला दोन-तीन वर्षं झाली होती. मी नवा वकील, मिर्झासाहेबांचा ज्युनिअर. मिर्झासाहेबांनी सगळा कायदा निजामाच्या काळात उर्दूत शिकलेला. राज्य बदललं तसं कोर्टाचं काम मराठी-इंग्रजीत आलं, आणि लिखापढी करायला त्यांना माझ्यासारखा एक पोरगा लागला. कायदा त्यांच्या डोक्यात होता, इंग्रजी माझ्या. कलमाला ते मरेपर्यंत 'दफा' म्हणाले आणि मला 'मियाँ'.

गुरुजी मूळचे तुळजापूरचे. घरात तीन पिढ्या मास्तर आणि कारकून. बदली होऊन तामलवाडीच्या पलीकडच्या एका गावात आले. गावाचं नाव सांगत नाही, तिथं अजून लोक राहतात. तिथं सोपाननं त्यांना घरातली एक खोली दिली. सोपानची वीस एकर जमीन होती, आईवडील गेलेले, लग्न केलेलं नव्हतं. गुरुजी तिथं राहायला आल्याला बारा वर्षं झाली होती. गुरुजी अजून त्या एकाच खोलीत होते की नाही, हे आम्ही विचारलं नाही.

विचारलं नाही, ह्याला कारण आहे. मी तोंड उघडलं होतं. मिर्झासाहेबांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला आणि गुरुजींना कमिटीच्या अध्यक्षांबद्दल विचारायला सुरुवात केली. गुरुजी पाणी प्यायला बाहेर गेले तेव्हा ते मला म्हणाले, "मियाँ, वकिलानं अशिलाला सगळं विचारावं, एक सोडून. ज्याच्या उत्तरानं अशील तुरुंगात जाईल ते विचारू नये."

तुरुंग कुठून आला ते सांगतो. पीनल कोडात तीनशे सत्त्याहत्तर नंबरचं एक कलम होतं. निसर्गाच्या विरुद्ध शरीरसंबंध असे त्यातले शब्द, आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत. दोघं सज्ञान असले, आपखुशीनं राहत असले, तरी त्या कलमाला फरक पडत नव्हता. आता साठ वर्षांनी त्यातला तेवढा भाग गेला आहे, पण तेव्हा तो होता. दोन पुरुषांनी एका घरात राहणं मात्र गुन्हा नव्हता. एका चुलीवर जेवणं, एकमेकांची छत्री धरणं हाही नव्हता. त्यामुळं गुरुजींची सगळी सुरक्षितता एवढ्यावर उभी होती की कोर्टात कुणी विचारू नये आणि त्यांनी कुणाला सांगू नये.

आता अर्ज कुठून आला ते. कमिटीचे अध्यक्ष बाबूराव. बरा जमीनजुमला, आवाज मोठा, सोलापुरात ओळखी. त्यांनी आपल्या पुतणीचं स्थळ गुरुजींना तीन वेळा सुचवलं. गुरुजींनी तिन्ही वेळा नको म्हटलं, आणि कारण दिलं नाही. खेड्यात मुलगी नाकारायला कारण लागतं. हुंडा कमी पडला म्हणा, पत्रिका जमत नाही म्हणा, काहीही म्हणा. नुसतं नको म्हणणं हा अपमान धरतात. बाबूरावांनी तो धरला, आणि होळीची वाट बघितली.

आमच्या भागात होळी पेटली की बोंब मारतात हे कुणाला सांगायला नको. त्या गावात आणखी एक रीत होती. होळीपुढं जोड्या लावायच्या. गावातल्या कुणाचंही नाव घ्यायचं आणि ज्याच्याशी जन्मात जुळणार नाही अशाशी त्याचं लगीन लावून टाकायचं. पाटलाचं चक्कीवाल्याच्या सासूशी. तलाठ्याचं सरकारी वळूशी. जोडी लागली की सगळ्यांनी बोंब ठोकायची, मग पुढची जोडी. ज्याचं नाव निघेल त्यानं रागवायचं नाही. रागावला तर पुढची पाच वर्षं त्याची सुटका नाही. आणि कुणी मनापासून बोलायचं नाही, हाही नियमच होता, फक्त तो कुणी बोलून दाखवत नसे.

त्या वर्षी बाबूराव ओरडले, "मुकुंदगुरुजीचं लगीन सोपानशी!"

बोंब झाली, पण उशिरा झाली, असं सोपाननं पुढं कधीतरी सांगितलं. बाकीच्या जोड्यांना लोक विस्तवाकडं बघून हसले. ह्या जोडीला एकमेकांकडं बघून हसले. आठ दिवसांत अर्ज गेला. त्यात लिहिलं होतं की सदर प्रकार होळीच्या दिवशी सर्व गावासमक्ष उघड झाला व कुणीही नाकारला नाही.

त्यानंतर गावात जे सुरू झालं ते गुरुजींनी खाली बघून सांगितलं. न्हावी येईना. दोन-चार घरांनी मुलं शाळेत पाठवणं थांबवलं. कमिटीनं ठराव केला की शाळेच्या रांजणातलं पाणी गुरुजींनी घेऊ नये, घरून स्वतःचा तांब्या आणावा. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "साहेब, पाणी बंद केलं तर आता गुन्हा आहे ना? नवा कायदा झाला म्हणतात."

"झालाय," मिर्झासाहेब म्हणाले. "पण तो जातीवरून पाणी तोडलं तर आहे, मास्टरसाहेब. तुमचं पाणी कशावरून तोडलंय, हे आधी आपल्याला कोर्टात सांगावं लागेल."

  माणसाला वेगळं पाडणं चूक आहे असं कायदा नुकताच शिकला होता, पण कोणकोणत्या कारणांवरून पाडू नये ह्याची यादी त्याच्याजवळ होती. गुरुजींचं कारण त्या यादीत नव्हतं. ते दुसऱ्याच पानावर होतं, गुन्ह्यांच्या.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि मला राग येत असे. मी म्हणालो, बदनामीची फिर्याद ठोकू. अर्ज खोटा, बाबूराव खोटे, दोन वर्षं आत. मिर्झासाहेबांनी पानदान उघडलं. पान लावायला त्यांना जेवढा वेळ लागे तेवढा वेळ समोरच्यानं थांबायचं असा आमच्या ऑफिसचा नियम होता.

मग त्यांनी समजावलं. बदनामी म्हणजे दुसऱ्याची अब्रू जाईल असं बोलणं किंवा लिहिणं. पण त्याला दहा अपवाद आहेत. आठवा अपवाद असा, की ज्या अधिकाऱ्याला चौकशीचा हक्क आहे त्याच्याकडं चांगल्या हेतूनं केलेली तक्रार बदनामी धरत नाहीत. अर्जावर फिर्याद केली तर बाबूराव त्या आठव्याच्या आड बसणार. आणि पहिला अपवाद असा, की बोललेलं खरं असेल आणि लोकांच्या भल्याचं असेल, तर गुन्हा नाही.

"म्हणजे त्यांनी खरं करून दाखवायला घेतलं, की साक्षीदार येणार," मिर्झासाहेब म्हणाले. "शेजारी येणार. खिडकी किती उंच, दिवा किती वाजता मालवतात, सगळं येणार. बाबूराव सुटले तर ठीक. पण मास्टरसाहेब फिर्यादी म्हणून कोर्टात जातील आणि आरोपी होऊन बाहेर येतील."

"मग काय करायचं?"

"फिर्यादच करायची. पण अर्जाची नाही. होळीची."

मला काही कळलं नाही. होळीत ओरडलेल्या एका वाक्यावर फिर्याद. मी लिहिली, चांगली तिखट लिहिली. त्यांनी ती तीन पानांवरून एका पानावर आणली. 'घोर' आणि 'नीच' हे शब्द जिथं जिथं होते तिथं रेघ मारली. ज्या होळीत बाबूराव बोलले त्याच होळीत आणखी कोणकोणत्या जोड्या लागल्या, त्या सगळ्या मात्र लिहायला लावल्या. पाटील, चक्कीवाल्याची सासू, तलाठी, वळू. गुरुजींची धरून अकरा जोड्या होत्या. त्यांत बाबूरावांचीही एक होती, गावच्या बँडवाल्याशी. मला वाटलं म्हातारा भरकटला.

फिर्याद दाखल झाली त्याच दिवशी त्यांनी मला शाळाखात्याला पत्र लिहायला सांगितलं. सदर बाब न्यायप्रविष्ट असून निकाल लागेपर्यंत चौकशी स्थगित ठेवावी. चौथ्या दिवशी उत्तर आलं, स्थगित ठेवली आहे. सरकारी ऑफिसातून इतकं जलद उत्तर मी पुढं कधी पाहिलं नाही. निर्णय दुसऱ्यावर ढकलायला मिळाला की सगळ्या साहेबांची गती वाढते.

तारखा पडत गेल्या. दर तारखेला गुरुजी येत आणि सोपान येई. सोपान कधी कोर्टात शिरला नाही. लिंबाखाली बसायचा, शेजारी भाकरीचं फडकं. मधल्या सुट्टीत गुरुजी बाहेर आले की त्यानं भाकरी दुधात कुस्करून ठेवलेली असायची, कारण गुरुजींच्या दाढा दुखत. मी रोज नवरा-बायकोंचे खटले बघत होतो, पोटगीचे, मारहाणीचे. दाढ दुखते म्हणून भाकरी कुस्करून आणलेली मी कुणाची पाहिली नव्हती. मला विचारायचं राहिलं नव्हतं, मला ते दिसलं होतं, आणि त्यानंतर ही केस हरण्याची मला भीती वाटायला लागली.

आमचे साक्षीदार दोन, तेही नाइलाजानं आलेले. होळीपुढं होता का? व्हय. ऐकलं का? ऐकलं. आणखी कुणाच्या जोड्या लागल्या? ते सांगू लागले तसं कोर्टात हसू पसरत गेलं. वळू आला तेव्हा मॅजिस्ट्रेटसाहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ तोंडापुढं धरला.  माझी केस माझ्याच साक्षीदारांच्या तोंडून तमाशा होत होती, आणि प्रश्न मीच विचारत होतो, मिर्झासाहेबांनी लिहून दिलेले.

त्या दिवशी वकिलांच्या खोलीत चहा होता. बाबूरावांचे वकील कुलकर्णी, जुने, सज्जन गृहस्थ, मिर्झासाहेबांच्या शेजारीच बसत. मिर्झासाहेब बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "कुलकर्णीसाहेब, एक मेहरबानी करा. ती होळीच्या रिवाजाची बाजू तेवढी घेऊ नका. आमच्या पोराची पहिलीच फिर्याद आहे, हरला तर वकिली सोडून जाईल."

कुलकर्णी चहा पिऊन उठून गेले.

मी बाहेर येऊन मिर्झासाहेबांवर ओरडलो. एवढ्या वर्षांत तेवढा एकदाच. तुम्ही आपल्या केसचं वर्म विरुद्ध पार्टीला सांगितलंत, म्हणालो. ते शांतपणे जिन्याच्या पायरीवर बसले.

"मियाँ, बाबूरावांपुढं दोन वाटा आहेत. एक, मी बोललो ते खरं आहे. दोन, मी बोललो ती होळी होती. दोन्ही एकदम नाही घेता येत. त्यांच्या साक्षीदारांच्या यादीत गोदाबाईचं नाव बघितलंत? सोपानची चुलती. भिंतीला भिंत लागून घर. पहिली वाट घेतली तर ती येणार. दुसरी घेतली तर बाबूराव स्वतःच्या तोंडानं म्हणणार की त्यात खरं काही नव्हतं. कोर्ट ते लिहून घेणार. मग शाळाखात्यातला तो अर्ज कशावर उभा राहील?"

"पण मग आपण हरणार."

"मी पहिल्या दिवसापासून हरायचीच तयारी करतोय," ते म्हणाले. "आता जाऊन अशिलाला सांगा. हरायचं असेल तर अशिलाला आधी सांगावं लागतं."

मी लिंबाखाली गेलो. गुरुजी जेवत होते, सोपान पाणी ओतत होता. मी सगळं सांगितलं. गुरुजींनी हातातला घास परत ठेवला.

"म्हणजे कोर्ट लिहिणार की ती चेष्टा होती," ते म्हणाले.

"हो."

"आणि ते आपणच लिहवून घ्यायचं."

"हो, गुरुजी."

त्यांनी टोपी काढली. ती काढलेली मी पहिल्यांदा पाहिली. "वकीलसाहेब, बारा वर्षांत मी माझ्या घराबद्दल बाहेर एक शब्द बोललो नाही. लोक म्हणतात लपवलं. मी लपवलं नाही. खोटं बोलायला लागू नये म्हणून बोललो नाही. आता माझ्या नावावर सरकारी कागदावर लिहिलेलं राहील की ते सगळं हसण्यावारी होतं."

 माझ्या वकिलीची मला त्या वेळी लाज वाटली. कायद्याजवळ ह्या माणसासाठी दोनच खाने होते, एक गुन्ह्याचा आणि एक चेष्टेचा, आणि मी त्याला चेष्टेच्या खान्यात बसा म्हणून गळ घालत होतो.

सोपान तोवर माझ्याशी चार शब्दांवर बोललेला नव्हता. तो गुरुजींकडं न बघता म्हणाला, "चेष्टा तर चेष्टा म्हनू द्या. शाळा ऱ्हायली तर गाव ऱ्हाईल. न्हायतर तुमी तुळजापूरला थोरल्या भावाकडं जाल. मंग म्या कुनाची छत्री धरू?"

गुरुजींनी तांब्या जवळ ओढला. मग घास उचलला. "हरा," मला म्हणाले.

आरोपीच्या जबाबाचा दिवस. हा जबाब म्हणजे साक्ष नव्हे. पुरावा संपला की मॅजिस्ट्रेट स्वतः आरोपीला विचारतात, तुझं काय म्हणणं. त्यात वकिलाला तोंड घालता येत नाही. म्हणजे आमचं सगळं बाबूरावांच्या जिभेवर होतं, आणि मी नुसता बसलेलो. मागच्या बाकावर गोदाबाई येऊन बसली होती, नऊवारी, डोक्यावर पदर, हातात पिशवी. ती आली होती म्हणजे कुलकर्णींनी अजून ठरवलं नव्हतं. मिर्झासाहेब डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, तुम्ही हे शब्द बोललात का.

बाबूरावांनी आधी कुलकर्णींकडं बघितलं. मग कोर्टाकडं. गावातली बरीच माणसं आली होती, दारात उभी होती. ज्यांच्या जोड्या लागल्या ते पाटील आणि तलाठी दोघंही होते. मला आता वाटतं, कुलकर्णींनी काय पढवलं होतं त्याहीपेक्षा ह्या दारातल्या माणसांनी काम केलं. मी होळीत मनापासून बोललो असं गावादेखत म्हणायचं, म्हणजे उरलेल्या दहा जोड्यांचं काय, असा प्रश्न त्यांच्या अंगावर आला असता. आणि बँडवाल्याचंही काय.

"बोललो साहेब," बाबूराव म्हणाले. "होळीत बोललो. आमच्या गावची रीतच हाय ती. होळीतलं कुठं खरं असतंय व्हय?"

"म्हणजे त्यात तथ्य नव्हतं?"

"काय तथ्य असनार साहेब. माझं बी बँडवाल्याशी लावलं की."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी ते शब्दशः लिहून घेतलं. कुलकर्णींनी उभं राहून सांगितलं की बचावाला साक्षीदार तपासायचे नाहीत. मिर्झासाहेबांनी डोळे उघडले.

गोदाबाईला कळायला थोडा वेळ लागला की तिचं काम संपलं. जिन्यात ती माझ्याजवळ थांबली. "म्या काय सांगनार व्हते?" ती म्हणाली. "माझ्या नातवाला बाराखडी त्येंनीच शिकिवली. आन् सोपान आई मेल्यापास्नं पहिल्यांदा दोन येळचं जेवाय लागला, ते त्ये आल्यावर. ह्ये सांगितलं असतं तर चाललं असतं का कोर्टात?" मी म्हणालो, चाललं नसतं. तिनं पिशवी खांद्याला लावली आणि ती सोपानच्याच गाडीतून गावी गेली.

निकाल पंधरा दिवसांनी. आरोपी निर्दोष. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी दीड पानात लिहिलं होतं की होळीच्या विस्तवापुढं बोललेलं कोणताही शहाणा माणूस खरं धरीत नाही, इतर जोड्यांवरून ते उघड आहे, आणि खुद्द आरोपीनंही ते खरं असल्याचं म्हटलेलं नाही. सबब फिर्यादीच्या अब्रूला बाधा आली असं म्हणता येत नाही.

बाबूरावांनी कोर्टाच्या आवारात पेढे वाटले. मलाही दिला. मी खाल्ला.

पेढा तोंडात असतानाच मिर्झासाहेबांनी मला नक्कल काढायला पिटाळलं. नक्कल म्हणजे निकालाची कोर्टाच्या सहीशिक्क्याची प्रत. जिंकलेला माणूस सहसा ती काढत नाही, त्याला घरी जायची घाई असते. आम्ही निकालाची काढली आणि बाबूरावांच्या जबाबाचीही काढली. दोन्ही जोडून शाळाखात्याला खुलासा दिला, चार ओळींचा. अर्जदारानं ज्या घटनेचा आधार घेतला त्यात तथ्य नव्हतं असं त्यानं स्वतः कोर्टात सांगितलं आहे, निकालही तसाच आहे, पुढील हुकूम व्हावा. महिन्याभरात हुकूम झाला. अर्ज निकाली काढला, नोटीस रद्द.

बाबूराव सोलापुरापर्यंत धावले. पण आता काय करणार? पुन्हा तेच खरं म्हणून बोलले असते तर नवी फिर्याद, आणि तिच्यात आमचा पहिला कागद त्यांचाच जबाब. कुलकर्णी मला पुढं एकदा म्हणाले, "तुमचा म्हातारा मला चहावर फसवतोय हे मला तेव्हाच कळलं होतं. पण माझा अशील सुटत होता, मग मी कशाला न फसू?"

सगळं गोड झालं असं मात्र नाही. न्हावी दोन महिन्यांनी यायला लागला, मुलं परत आली. पण तांब्याचा ठराव कमिटीनं कधी मागं घेतला नाही. त्याबद्दल कुणी बोलेनासं झालं, एवढंच. गुरुजी नोकरी संपेपर्यंत घरून तांब्या नेत राहिले.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात सोपान बांधाच्या भांडणासाठी आमच्याकडं आला. काम झाल्यावर उठेना. मग म्हणाला, "साहेब, औंदाची होळी सांगायची ऱ्हायली."

त्या वर्षी त्यांची जोडी कुणी लावली नाही. गावानं धसका घेतलेला. पाटलाची लागली, तलाठ्याची लागली, बाबूरावांची तर दोनदा लागली. जोड्या संपल्या आणि लोक नैवेद्य टाकायला लागले, तेव्हा मागून गुरुजी पुढं आले. बारा-तेरा वर्षांत होळीपुढं कधी आले नव्हते. टोपी हातात. शाळेत प्रार्थना सांगतात त्या आवाजात त्यांनी म्हटलं, "मुकुंदगुरुजीचं लगीन सोपानशी."

 सोपान म्हणाला, त्याला वाटलं आता जमीन दुभंगंल तर बरं. मग बायकांच्या घोळक्यातून गोदाबाईनं तोंडावर हात नेला आणि बोंब ठोकली. तिच्यामागं चक्कीवाल्याची सासू. मग सगळं गाव.

"येळेवर झाली का बोंब?" मिर्झासाहेबांनी विचारलं.

"येळेवर झाली साहेब. लई जोरात झाली."

पुढं दरवर्षी गुरुजी हे करत राहिले, सोपान जाईपर्यंत. वर्षातून एकदा, सगळ्या गावासमोर, मोठ्यानं, जे आहे ते सांगायचे. कुणाला काही करता येत नव्हतं, कारण होळीतलं खरं नसतं असा कोर्टाचा निकाल होता, आणि त्याची नक्कल गुरुजींच्या ट्रंकेत होती.

मिर्झासाहेबांनी त्या दिवशी फाईल मागवली आणि तिच्यावर उर्दूत एक ओळ लिहिली. मला उर्दू वाचता येत नव्हतं. ते गेल्यावर मी ती एका मौलवींकडून वाचून घेतली. लिहिलं होतं, 'हरलो. जपून ठेवा.' माझ्याकडं शिकायला आलेल्या प्रत्येक ज्युनिअरला मी नंतर एवढंच सांगत आलो, की निकालाची शेवटची ओळ ऐकून घरी जाऊ नका, आधी पूर्ण निकालाची नक्कल काढा.